रिकामा डबा परत देऊ नये

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दिवाळी संपली की पुढचा आठवडाभर आमच्या मारुंजीत एक दृश्य हमखास दिसते. गृहसंकुलांच्या फाटकाजवळ ज्या कचऱ्याच्या खोल्या असतात त्यांची दारे त्या आठवड्यात लागत नाहीत. आत जागा उरत नाही म्हणून भिंतीला टेकवून खोक्यांच्या चळती रचलेल्या असतात. लाल मखमलीची, सोनेरी काठाची, चुंबकाने मिटणारी, आत कप्प्यांचा प्लास्टिकचा ट्रे असलेली खोकी. प्रत्येक कप्प्यात मूठभर काजू, मूठभर बदाम, मूठभर बेदाणे होते. ते दोन दिवसांत संपले. खोके तसेच राहिले, नवेकोरे, एखाद्या राजवाड्याच्या दारासारखे.

मारुंजी हे मुळशी तालुक्यातले गाव. शेजारी हिंजवडी. माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या तिथे आल्या आणि आमच्याकडच्या शेतात इमारती उभ्या राहिल्या. आता एकेका घरात नोकरी करणारी दोन माणसे, त्यांच्या दोन कंपन्या, शिवाय बँक, विमावाला, बिल्डर, गाडीचा शोरूमवाला. घराघरात चार-पाच खोकी सहज येतात. रमजान ईदला खजुराची येतात, नाताळला केकची येतात. म्हणजे या बाबतीत सर्व धर्म समान आहेत.

हे सगळे कागदच तर आहे, भंगारात जाईल, असे आपल्याला वाटते. मलाही कुतूहल होते, म्हणून रद्दी घ्यायला येणाऱ्या माणसाला विचारले. त्याने खोके हातात घेतले, एक कोपरा नखाने खरवडला आणि परत दिले. म्हणाला, "चाचा, हे नाही चालत. पुठ्ठा असता तर घेतला असता." मी म्हटले, "पुठ्ठाच आहे की." तो म्हणाला, "पुठ्ठा आहे, पण एकटा नाही."

एकटा नाही, हे त्याने फार अचूक सांगितले. भंगाराच्या धंद्याचे सारे शास्त्र त्यात आहे. एकजिनसी वस्तू विकली जाते. लोखंड, पितळ, स्टील, साधा पुठ्ठा, वर्तमानपत्र, पाण्याची बाटली यांना भाव आहे, कारण ती वितळवून किंवा भिजवून लगदा करून पुन्हा तोच पदार्थ मिळतो. पण पुठ्ठ्यावर प्लास्टिकचा पापुद्रा, त्यावर मखमल, कडेला चुंबक, आत फोम, आणि हे सगळे डिंकाने पक्के चिकटवलेले, असे झाले की ते सोडवण्याची मजुरी मालाच्या किमतीपेक्षा जास्त होते. मग ते कोणी सोडवत नाही. चमकणाऱ्या वेष्टनाच्या कागदाचेही तसेच. तो बहुधा कागद नसतोच. प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर धातूचा मुलामा दिलेला असतो. ओळखायची खूण सोपी आहे. मुठीत चुरगाळून सोडून द्या. चुरगळलेलाच राहिला तर कागद. फुलून पुन्हा उलगडू लागला तर प्लास्टिक. त्यावर चमकी चिकटवलेली असेल तर खरा कागदही भंगारवाला सहसा घेत नाही.

पुण्यात कचरा वेचणाऱ्यांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' १९९३ मध्ये उभी राहिली, आणि तिच्यातूनच २००८ मध्ये 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था निघाली. या संघटनेचे नावच पाहा. कागद, काच, पत्रा. तीन सुटी, स्वच्छ नामे. आपण सणाला एकमेकांना जे देतो ते या तिन्हींत कुठेच बसत नाही.

कायद्याने याची थोडी दखल घेतली आहे. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या काही वस्तूंवर बंदी आली. त्या यादीत काड्या, चमचे, पेले आहेत हे बहुतेकांना ठाऊक आहे. पण मिठाईच्या खोक्यांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर गुंडाळायची प्लास्टिकची फिल्मही त्याच यादीत आहे, आणि सजावटीचे थर्माकोलही. मी हे मिठाईच्या दुकानात सांगितले तेव्हा काउंटरवरच्या मुलाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की मी पेढ्याला कायदा विचारतो आहे.

आता एक जुनी गोष्ट सांगतो. जुनी म्हणजे ऐतिहासिक नव्हे, तुमच्या-माझ्या घरातली. माझी आई ईदला शिरखुर्मा करायची आणि शेजारी-पाजारी डब्यातून पाठवायची. डब्यावर क्रोशाचा रुमाल. दिवाळीला शेजारच्या काकूंकडून चकली-करंजीचे ताट यायचे, त्यावरही रुमाल. आणि दोन्ही घरांत एक नियम इतका पक्का होता की तो कोणी कोणाला शिकवला नव्हता: रिकामे भांडे परत द्यायचे नाही. काही नसेल तर चमचाभर साखर घालून द्यायची. काकू म्हणायच्या, "भाभी, डबा राहिलाय तुमचा, आज भरून पाठवते." त्यात कधी भाजी असे, कधी शेवयांसाठी चारोळ्या, कधी नुसतीच साखर.

ही आपल्याला रीत म्हणून माहीत आहे. तिच्याकडे जरा हिशेबाच्या नजरेने पाहा. जगभरचे पर्यावरणवाले आज सांगतात की वेष्टन परत येईल अशी व्यवस्था हवी, बाटलीवर अनामत रक्कम हवी, म्हणजे माणूस ती फेकणार नाही. आपल्याकडे ती व्यवस्था होती आणि अनामत पैशांची नव्हती, लाजेची होती. दुसऱ्याचा डबा आपल्या मांडणीवर फार दिवस राहिला की घरातल्या बाईला चैन पडत नसे. डबा घरोघर चुकू नये म्हणून त्यावर नाव घातलेले असे. लग्नात आलेल्या भांड्यांवर तर देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव आणि तारीख. भांड्यांच्या दुकानाबाहेर बसून टिकटिक करत नाव घालणारा माणूस हा त्या काळचा इतिहासकारच होता. आमच्या घरातल्या एका पातेल्यावर माझ्या आत्याच्या लग्नाची तारीख आहे, आणि तिच्या लग्नाचा दुसरा कोणताही पुरावा आता उरलेला नाही.

शिवाय भांडे मोडले तरी वाया जात नसे. तांब्या-पितळेची मोड घालून नवे भांडे घेता येई. कल्हई उडाली तर कल्हईवाला होता. जुन्या कपड्यांवर बोहारीण स्टीलची वाटी देई, आणि त्या सौद्यात आईचा अर्धा दिवस जाई. वस्तू एका घरात संपत नसे, ती फिरत राही.

माझे वडील पिंपरीतल्या एका कारखान्यात होते. १९६५ मध्ये बोनसचा कायदा झाला आणि या औद्योगिक पट्ट्यात दिवाळी म्हणजे बोनस हे समीकरण घट्ट झाले. बोनसबरोबर कधी कंपनीकडून वस्तू मिळे. एका वर्षी वडील सायकलच्या कॅरिअरला बांधून स्टीलच्या डब्यांचा संच घेऊन आले. त्याला सुतळी आणि वर्तमानपत्र एवढेच वेष्टन होते. त्यातल्या सर्वांत मोठ्या डब्यात आजही आमच्याकडे तांदूळ असतात. मी त्या काळाचे गोडवे गात नाही. त्याच घरात पाच माणसांना दोन खोल्या होत्या आणि एकाच्या अंगाला येईना झालेला शर्ट दुसऱ्याला घालावा लागे. तिथे कचरा होत नव्हता कारण टाकण्यासारखे काही नव्हतेच. पण डब्यांचा तो संच कोणाला दाखवण्यासाठी दिलेला नव्हता, वापरण्यासाठी होता, एवढा फरक मला दिसतो.

आजची खोकी का फोफावली? एक कारण उघड आहे. देणारा आणि घेणारा शेजारी राहिले नाहीत. कुरिअरने आलेला डबा परत कोणाला करणार? दुसरे कारण थोडे खोलात आहे. मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकाने १९२५ मध्ये भेटवस्तूंवर एक गाजलेला निबंध लिहिला. निरनिराळ्या समाजांतल्या चालीरीती तपासून त्याने म्हटले की भेटीला तीन बंधने असतात: द्यावीच लागते, घ्यावीच लागते, आणि फेडावीच लागते. हे सांगायला फ्रान्सला कशाला जायला हवे, असे आपल्याकडची कोणतीही आजी विचारील. आपल्याकडे लग्नात आहेराची वही असते. मांडवाच्या दाराशी टेबल टाकून कोणीतरी हिशेबी मामा बसतो आणि लिहितो: अमुक, रुपये इतके, तमुक, पातेले एक. हिंदूंच्या लग्नात बसतो, मुसलमानांच्या लग्नातही बसतो. वही जपून ठेवतात, कारण त्यांच्या घरी कार्य निघाले की तेवढे किंवा थोडे वर द्यायचे असते.

ती वही एका अर्थी गरिबाची बचत होती. आज शंभर घरांत थोडे थोडे दिलेले आपल्या मुलीच्या लग्नात एकदम परत येई. पण तीच वही गळफासही झाली. हातात पैसा नसताना उसनवारी करून आहेर करणारी माणसे मी पाहिली आहेत. आणि जिथे नुसती संख्या भरायची तिथे वस्तूचा कस उतरत गेला. टॉवेल, टोपी, ब्लाउजपीस. ते नेसायचे, घालायचे नसतात, पुढच्या लग्नात द्यायचे असतात. एखादा ब्लाउजपीस घडी न मोडता डझनभर मांडव पाहून येतो. 'कृपया आहेर आणू नये' हे पत्रिकेवर छापणाऱ्यांबद्दल मला म्हणूनच आदर आहे, जरी त्यांच्याकडेही पाहुणे पाकीट घेऊन जातातच.

सोनपापडीचे खोके हा या ब्लाउजपीसचा आजचा धाकटा भाऊ. तिच्यावर विनोद पुष्कळ झाले, पण ती बिचारी का फिरते याला कारण आहे. खव्याच्या मिठाईत ओलावा असतो, ती दोन-चार दिवसांत खावी लागते. सोनपापडी कोरडी, टिकाऊ, स्वस्त आणि हलकी. म्हणून ती खाल्ली जात नाही, पुढे पाठवली जाते. आणि पाठवता पाठवता शेवटी कोणाकडे थांबते? आमच्या इमारतीत भांडी घासायला एक बाई येतात. पाच घरची कामे. एका दिवाळीला त्या माझ्या पत्नीला म्हणाल्या, "भाभी, राग मानू नका. पाच घरांतून पाच खोकी मिळाली. सासऱ्यांना शुगर आहे, पोरं खात नाहीत. तुम्ही देणारच असाल तर तेलाची पिशवी द्या. सणाला तेलच लई लागतं."

त्या वाक्याने आमच्या घरातली पद्धत बदलली. तेव्हापासून आम्ही सणाआधी विचारतो. विचारून दिलेली भेट म्हणजे भेटीतले काव्य गेले, असे म्हणणारे मित्र मला भेटतात. मी कवी असल्यामुळे ते माझ्याकडून पाठिंब्याची अपेक्षा करतात. पण मुस्लिम कायद्यात भेटीला 'हिबा' म्हणतात आणि तो पुरा व्हायला तीन गोष्टी लागतात. देणाऱ्याने देतो म्हणणे, घेणाऱ्याने कबूल करणे, आणि वस्तूचा ताबा प्रत्यक्ष त्याच्याकडे जाणे. मधली पायरी पाहा. कबूल. ज्याला द्यायचे त्याने मनापासून घेतले नाही तर देणे पुरे झालेच नाही. आपण पहिली आणि तिसरी पायरी थाटात करतो आणि मधली गाळतो. अर्थात हा कायदा मालमत्तेसाठी आहे, मिठाईसाठी नव्हे. तरी त्यातली नजर मला उपयोगी वाटते.

जोएल वाल्डफोगेल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये नाताळच्या भेटींचा असाच हिशेब मांडला. त्याने विद्यार्थ्यांना विचारले, मिळालेली भेट तुम्हाला केवढ्याची वाटते? वस्तूच्या खऱ्या किमतीपेक्षा ते मोल दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत कमी भरले. म्हणजे देणाऱ्याचे पैसे गेले आणि घेणाऱ्याला तेवढे मिळालेही नाहीत. मित्रांच्या भेटीत हे नुकसान कमी होते, काका-मामा-आजोबांच्या भेटीत जास्त. कारण उघड आहे. मित्राला आपली आवड ठाऊक असते. ईदी रोख देण्याची आपली चाल किंवा भाऊबिजेच्या ओवाळणीत टाकलेली नोट या अर्थशास्त्रज्ञाला आवडली असती.

आपल्या सणांच्या मुळाशी गेले की कचरा न करणारी भेट तिथे आधीच बसलेली सापडते. संक्रांतीचे सुगड घ्या. मातीचे लहानसे बोळके, त्यात हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, बोरे, गाजर, गव्हाची ओंबी, तीळ. आतले खाल्ले जाते, बोळके मातीचे. त्यापुढे हळदीकुंकवाचे वाण लुटायची रीत वाढली आणि रथसप्तमीपर्यंत घराघरात प्लास्टिकच्या डब्या, गाळण्या, साबणदाण्या यांचा पूर येऊ लागला. आमच्या शेजारणीने एका संक्रांतीत आलेल्या नऊ गाळण्या माझ्या पत्नीला दाखवल्या होत्या. चहा तर घरात एकच पातेले होतो. अलीकडे काही जणी वाणात गूळ, कडधान्य, भाजीचे बी, कापडी पिशवी देतात. त्यातले गूळ आणि कडधान्य मला सर्वांत शहाणपणाचे वाटते, कारण ते संपते.

दसऱ्याचे सोने तर साधे पान. पण त्याचीही काळजी घ्यावी लागते. आपट्याला मागणी इतकी, की सणाच्या आधी फांद्याच्या फांद्या तोडून आणतात, आणि आपटा पुरला नाही की त्याच्यासारखी दिसणारी कांचनाची पाने खपवतात. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर हिरवा केर. त्या सोन्यामागची कौत्साची कथा आपण लहानपणी ऐकतो, पण तिचा उत्तरार्ध विसरतो. वरतंतू गुरूने चौदा विद्यांची चौदा कोटी मुद्रा दक्षिणा मागितली. कौत्स रघुराजाकडे गेला. रघूने नुकतेच यज्ञात सर्वस्व दिले होते. कालिदासाच्या रघुवंशात तो पाहुण्याचे स्वागत मातीच्या भांड्याने करतो, कारण सोन्याचे उरलेले नसते. पुढे कुबेराने सोन्याची वृष्टी केली. राजा म्हणाला, सगळे ने. कौत्स म्हणाला, गुरूला देण्यापुरतेच नेईन. कालिदास सांगतो की अयोध्येच्या लोकांनी दोघांनाही वाखाणले, जास्त देणाऱ्याला आणि जास्त न घेणाऱ्यालाही. आपण देणाऱ्याचे कौतुक करतो. 'एवढे पुरे' म्हणणाऱ्याला मात्र आखडू ठरवतो.

आता बाजारात 'पर्यावरणपूरक भेट' नावाचा नवा माल आला आहे. बांबूचा ब्रश, तागाची पिशवी, बी असलेला कागद, आणि हे सगळे पुन्हा एका मोठ्या खोक्यात, वर फिती. कापडी पिशवी चांगलीच, पण ती वापरली तर. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या संस्थेने २०१८ मध्ये पिशव्यांचा अभ्यास केला. कापूस पिकवण्यापासून पिशवी शिवण्यापर्यंतचा खर्च धरला तर, नुसत्या हवामानाच्या दृष्टीनेही, साधी सुती पिशवी किमान ५२ वेळा वापरावी तेव्हा ती प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते. ज्या घरात पंधरा कापडी पिशव्या दाराआड लटकत आहेत तिथे सोळावी देणे हा पर्यावरणाचा उपकार नव्हे.

जपानमध्ये वस्तू चौकोनी कापडात गाठ मारून द्यायची जुनी पद्धत आहे, तिला फुरोशिकी म्हणतात. २००६ मध्ये तिथल्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी ती पुन्हा रुजावी म्हणून प्रयत्न केला, जुन्या बाटल्यांच्या धाग्यापासून त्यासाठी खास कापडही करून घेतले. आपल्याला कापड करून घ्यायचीही गरज नाही. घरात पडलेले ते घडी न मोडलेले ब्लाउजपीस आठवा. एखादा खण, एखादी दस्ती, आईच्या जुन्या साडीचा चौकोन. त्यात पुस्तक बांधून द्या.

पुस्तकाचा विषय निघालाच तर स्वार्थाचे बोलून घेतो. कवीच्या घरी कवितासंग्रहांपेक्षा शाली जास्त असतात. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि सेलोफेनमध्ये घुसमटलेला पुष्पगुच्छ असा आमच्या सत्काराचा ठरलेला संच आहे. नारळाची चटणी होते, शाल हिवाळ्यात कोणाला तरी देता येते. पण काचेचे, लाकडाचे, फायबरचे ते स्मृतिचिन्ह, ज्यावर माझेच नाव कधी कधी चुकीचे छापलेले असते, ते कोणाला देणार? त्याऐवजी दिवाळी अंक द्या. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही भेट आपल्या हाताशी आहे. अंक एका घरात वाचला जातो, मग शेजारी जातो, मग वाचनालयात, आणि वर्षांनी रद्दीत गेला तरी साधा कागद म्हणून त्याला भाव येतो.

आमच्या घरच्या सणाबद्दलही बोलायला हवे. रमजान ईदच्या नमाजाआधी फित्रा द्यायचा असतो, ठरावीक मापाचे धान्य किंवा त्याची किंमत, म्हणजे गरिबाचीही ईद त्याच सकाळी व्हावी. नमाजानंतर दिले तर त्याचा मान कमी होतो. वस्तू योग्य वेळी पोचणे हाही भेटीचा भाग आहे. बकरी ईदला गोश्ताचे तीन वाटे करायची रीत आहे: घर, नातेवाईक, गरीब. हे वाटे पूर्वी पातेल्यातून, ताटातून जात. नंतर पातळ पिशव्या आल्या, ज्या धुवून पुन्हा वापरता येत नाहीत आणि ज्यांत मोकाट कुत्री तोंड घालतात. गेल्या काही वर्षांत मी आमच्या ओळखीच्या घरांना आदल्या दिवशी फोन करतो, "उद्या येताना भांडे आणा." दूध घ्यायला आपण भांडे नेत होतोच की. पहिल्या वर्षी दोघे हसले आणि एकाने पिशवीच आणली. आता बहुतेकजण डबे आणतात.

ज्यांना सुरुवात करायची असेल त्यांनी सरसकट सगळ्यांसाठी करू नये. कंपनीच्या खोक्यांवर आपला अधिकार नाही. तिथे फार तर मनुष्यबळ विभागाला लिहावे की पुढच्या वर्षी किराणा दुकानाचे कूपन चालेल. पण त्याच मजल्यावरची तीन-चार घरे निवडा, जिथे डबा परत येईल. स्टीलचा, कडीचा घ्या. प्लास्टिकचा परत येत नाही, तो आपलाच समजून लोक ठेवून घेतात. भांड्यांच्या जुन्या दुकानांत नाव घालून देणारे अजून भेटतात, अक्षरावर पैसे घेतात. पूर्ण नाव घालत बसू नका. इमारतीचे अक्षर आणि फ्लॅटचा क्रमांक पुरतो.